खारातला तांदूळ

अडगळीचा राग मला लहानपणी नव्हता. तो लग्नानंतर आला. रोह्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि वर एक माळा. नवऱ्याची कंपनी दर दिवाळीला एक वस्तू द्यायची, नातेवाईक दुसरी द्यायचे, शेजारी तिसरी, आणि लोक देतात तर आपणही द्यायला हवं म्हणून चौथी मी विकत आणायची. माळ्यावर भिंतीवरची तीन घड्याळं होती. तिन्ही खोक्यातून कधी बाहेर आलीच नव्हती.

एका दिवाळीला काचेच्या वाट्यांचा संच आला. आतली चिठ्ठी काढली तर अक्षर माझंच. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात मीच तो दिला होता आणि तो कितीतरी घरं फिरून परत माझ्याकडे आला होता, कुणीही खोकं न उघडता. आधी मी पोट धरून हसले. मग मला असा संताप आला की त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी उगाचच भांडले.

त्या दिवाळीपासून मी नियम केला. जे संपेल तेच द्यायचं आणि जे संपेल तेच घ्यायचं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना कडव्या वालाची उसळ फार आवडायची, पण बोटं आखडलेली, वाल सोलता यायचे नाहीत. मी दिवाळीच्या आदल्या दिवशी मोड आलेले वाल बसून सोलले आणि डबाभर डाळिंब्या त्यांच्या हातात दिल्या. डबा परत घेऊन आले, तोही नको होता त्यांना. सासूबाईंच्या चार गोधड्या नदीवर नेऊन धुऊन आणल्या. नणंदेला पेणहून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं. सगळे खूश. माझी आमच्या चाळीत कीर्ती झाली. कुणाला काय द्यावं हे विचारायला बायका माझ्याकडे येऊ लागल्या आणि मीही शहाणपण वाटत बसायची.

एकच माणूस माझ्या नियमात बसत नव्हता. माझा भाऊ.

आमचं माहेर पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीला लागून. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात पिकवायचं, अशी तिकडची जमीन. त्या जमिनीला आम्ही खार म्हणतो. आई-वडील गेल्यावर भाऊ आणि वहिनी तिथं राहिले. दर भाऊबीजेला तो एसटीनं पेण, गडब, नागोठणं असं करत रोह्याला यायचा आणि येताना काहीतरी वस्तू आणायचाच. एकदा थर्मास, एकदा प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, एकदा चौथं घड्याळ. पहिल्या वर्षी त्यानं स्टीलचा डबा आणला होता, त्यावर माझं नाव आणि खाली 'दादाकडून' असं घालून. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून मी तो डबा पुढे मोडीत घातला आणि त्यावर एक पातेलं घेतलं. बाकीच्या वस्तू लग्ना-मुंजीत वाटून टाकल्या. त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका भाऊबीजेला तो बुद्धाची मूर्ती घेऊन आला, पांढऱ्या प्लॅस्टरची, हातभर उंच. ठेवायची कुठं? माझं डोकं फिरलं. ओवाळून झाल्यावर, शेजारच्या बायका बसलेल्या असताना, मी म्हणाले, "दादूस, फुडच्या वरशी असलं काय आणू नको. माझ्या घरात जागा नाय. आपल्या खारातला तांदूळ आण पायलीभर. त्याच्यापेक्षा चांगलं काय हाय?"

बायकांनी माना डोलावल्या. भाऊ हसला.

"व्हय गो बाय, आणीन," म्हणाला.

मला फार बरं वाटलं. त्याच्या खिशाला तोशीस नाही, माझ्या माळ्याला नाही, आणि वर माहेरचा घास. इतका विचार करून मागितलेली भेट दुसऱ्या कुणी मागितली नसेल असं मला वाटलं होतं.

पुढच्या भाऊबीजेला त्यानं तांदूळ आणला. आईनं जुन्या धोतराची शिवलेली पिशवी होती, तिच्यातच. मी विचारलं, "खांड बुजवली ना रे?" कारण मध्यंतरी भरतीला बांध फुटून खांड पडल्याचं कानावर आलं होतं. "बुजवली," म्हणाला. जेवला, पाटावर बसला, ओवाळून घेतलं आणि दुपारच्या गाडीनं गेला.

मी पिशवी उघडली. तांदूळ पांढराशुभ्र. खारातला तांदूळ तांबूस असतो, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. तरी मी स्वतःला सांगितलं की यंदा गिरणीत जास्त सडून आणला असेल. माणसाला जे हवं असतं ते तो पाहतो. मी लहान लहान पुरचुंड्या बांधल्या आणि दिवाळीची भेट म्हणून चाळीत वाटल्या. माझ्या माहेरचा, खारातला तांदूळ, अशी मिरवणूक काढून.

दुसऱ्या दिवशी वालवाल्या म्हाताऱ्या बाई दारात आल्या. त्यांचं माहेरही आमच्यासारखं खाडीकाठचं, मिठागरांच्या बाजूचं.

"गो, रागावू नको," त्या म्हणाल्या. "पेज केली मी. पांढरी झाली. आपल्या तांदळाची पेज तांबडी होते. ह्यो दुकानातला हाय."

मी त्यांच्यासमोर पेज शिजत टाकली. पांढरी. दूध घातल्यासारखी पांढरी.

इथं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मला भावाची काळजी वाटली नाही. मला राग आला. घरचा तांदूळ स्वतःला ठेवला आणि बहिणीला दुकानातला बांधून दिला, चार बायकांत माझं हसं केलं, असं वाटलं. रविवारी नवऱ्याला न सांगता मी पेणची एसटी धरली. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि ती वाक्यं चांगली धारदार होती.

गावात उतरून मी आमच्या बांधावर चढले आणि थांबले. भरतीची वेळ होती. जिथं आमचं शेत होतं तिथं पाणी होतं. पावसाचं नाही, खाडीचं. मधून मधून खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची रोपं उगवली होती, गुडघाभर उंचीची. गुडघाभर तिवर एका पावसाळ्यात होत नाही. मी मे महिन्यात दोनदा येऊन गेले होते, पण दोन्ही वेळा ओहोटी होती, आणि उन्हाळ्यात भेगाळलेलं शेत सगळं सारखंच दिसतं. वाफ्यावर पांढरं मीठ आलं होतं ते मी धूळ समजले होते आणि तिवरांचे कोंब रानगवत.

भाऊ संध्याकाळी आला. दुसऱ्याच्या मिठागरावर मीठ ओढायला जात होता. पायाला चिरा पडलेल्या. मला अंगणात बघून तो एकदम उभाच राहिला.

"दादूस, खांड बुजवली म्हणालास तू."

"बुजवलेली. सगळ्या गावानं मिळून बुजवली. म्होरल्या उधाणाला परत गेली. मंग कोन येतंय?"

"कधीपासून?"

"तीन पावसाळं झालं."

म्हणजे मी तांदूळ मागितला तेव्हाही तिथं पाणीच होतं. त्याच्या हातात पांढरा बुद्ध होता, आणि मी चार बायकांसमोर त्याच्याकडे, जगातली एकच वस्तू जी त्याच्याजवळ नव्हती, ती मागितली होती.

"मला सांगायचं नाय का?"

"तू मागितलास ना गो," तो म्हणाला. "पयल्यांदा कायतरी मागितलास. नाय कसं म्हनू? पेणच्या बाजारात तांबडा बघितला, भेटला नाय."

मला रडू फुटलं. वहिनीनं चहा दिला तो मी तसाच ठेवला. मला त्या क्षणी काहीतरी द्यायचं होतं त्याला, त्याच्या डोक्यावरचं काहीतरी कमी करायचं होतं. आणि मला माझा नियम आठवला. काही न लागणारी, जागा न अडवणारी भेट. मी म्हणाले, "फुडच्या वरशी काय म्हंजे काय आणू नको. तू नुसता ये. मला बस तेवढंच."

त्यानं चिरा पडलेल्या पायांकडे पाहिलं. "बरं," म्हणाला.

मी समाधानानं रोह्याला परत आले. आपण भावाचं ओझं उतरवलं असं मला वर्षभर वाटत होतं.

पुढच्या भाऊबीजेला मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, वालाची उसळ केली. दुपारची गाडी गेली. संध्याकाळची गेली. नवरा म्हणाला, काम निघालं असेल. त्याच्या पुढच्या वर्षीही पाट तसाच राहिला. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ होता, तासा-दीड तासाच्या अंतरावर, धडधाकट, आणि मी चाळीच्या गॅलरीत उभी राहून चंद्राला ओवाळलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाई बघून आत निघून गेल्या.

तिसऱ्या वर्षी मी स्वतः गेले. ताम्हण, निरांजन, अक्षता, सगळं पिशवीत घेऊन, सकाळच्या पहिल्या गाडीनं. दारात वहिनी होती. तिनं आत बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते कामाला गेलेत."

"भाऊबीजेला? मिठागर आज चालू हाय?"

"नाय," वहिनी म्हणाली. तिला खोटं नीट बोलता यायचं नाही. "बाय, तुमी त्यांना काय आणू नको म्हणालात. तुमी गेल्यावर ते म्हणाले, आता माझं जाणं संपलं. भाऊबीजेला भावानं रिकाम्या हातानं पाटावर कसं बसायचं? ओवाळणीत काय टाकायचं? पांढरा तांदूळ तरी नेला असता, तो पण तिनं बंद केला."

"मी तसं म्हणाले नव्हते, वयनी."

"म्हायती हाय," ती म्हणाली.

मी दुपारपर्यंत बसले. तो आला नाही. गाव तेवढंसं, तो कुठंतरी आसपासच असणार, माझी गाडी जाण्याची वाट बघत. शेवटी मी उठले. निरांजन पेटवलंच नव्हतं, तुपाची वात तशीच परत पिशवीत ठेवली. बांधावरून येताना मी पाण्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तो माझ्याकडे कधीच आला नाही. कुणाच्या लग्नात भेटला तर बोलायचा, "बरी हायस ना गो," इतकंच, आणि जेवणाच्या पंगतीत दुसरीकडे जाऊन बसायचा. मी एकदा त्याला म्हणाले, "दादूस, काहीतरी आण रे, काय पण आण." तो हसला. तेच जुनं हसू. पण 'काय आणू नको' हे माझं म्हणणं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं, दुसऱ्या कशाला तिथं जागा नव्हती.

मग मला त्याच्या वस्तू आठवायला लागल्या. थर्मास एका चुलत नणंदेच्या लग्नात गेला होता. तिच्याकडे विचारलं, तिनं तो कधीच पुढे दिला होता, कुणाला ते तिलाही आठवेना. फुलदाणीचा आणि घड्याळाचाही पत्ता नाही. बुद्धाची मूर्ती मी नवऱ्याच्या साहेबांच्या घरी दिली होती, तिथं जाऊन काय मागणार? नावाचा डबा तर मीच मोडीत घातलेला, वितळून त्याचं आणखी कुणाचं तरी पातेलं झालं असेल. त्याच्या हातची एकही वस्तू माझ्या घरात उरली नाही. माझ्या नियमानं सगळं संपलं.

अजूनही सणाच्या आधी चाळीतल्या बायका विचारायला येतात, कुणाला काय द्यावं. मी पापड सांगते, मिरगुंडं सांगते, आणि लवकर लवकर त्यांना वाटेला लावते. भाऊबीजेला पाट मांडते, तो सवयीनं. रोह्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या फुलांचं दुकान लागतं, तिथं त्या दिवसांत गावाकडचे पुरुष उभे असतात, बहिणीसाठी कुठली फुलदाणी घ्यावी या विचारात. मी तिथून जाताना त्यांच्या चेहऱ्यांकडे बघते. तो त्यात कधी नसतो. असता तर मी त्याला सांगितलं असतं, घे दादूस, सगळ्यात मोठी घे. माळ्यावर जागा आहे.