तांब्या पडला की गाडी थांबते

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये पोरांवर ओरडत होते. ओरडणं आमच्या घराण्यातच आहे. "शोभाताई, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "असा कसा गेला? परवा तर मला शिव्या देत होता!" शिव्या देणारा माणूस मरत नाही, असा माझा आपला समज. त्याला आता महिना होत आला. लातूरच्या चौकात माधवदादाचे फोटो लागले, त्याच्या हातचा मार खाल्लेले इंजिनियर दारात येऊन रडून गेले. माझा भाऊ देवमाणूस होता, असं काही मी लिहिणार नाही. त्याच्या हातामुळं मी जिवंत आहे, एवढं मात्र लिहीन.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. भूकंपाच्या पहाटे ते सगळं आमच्या अंगावर आलं. आई माझ्या शेजारी झोपली होती. तिचा आवाज थोडा वेळ आला, मग आला नाही. माझा एक हात तेवढा मातीबाहेर राहिला होता. दादानं तो धरला आणि ओढला... "दादा सोड, तुटला रे!" मी किंचाळत होते. "तुटू दे!" तो वरून ओरडत होता. खांदा निखळला, पण मी बाहेर आले. आईसाठी त्यानं नखं निघेपर्यंत माती उकरली. आई सापडली तेव्हा गार पडली होती. त्या दिवसापासून जोर कुठं थांबवायचा हेच त्या हातांना कळेनासं झालं, असं मला वाटतं.

भूकंपानंतर हादरे येतच राहायचे, तेव्हा आमच्याकडं घरोघरी एक रीत पडली. कोनाड्यात पेला पालथा घालायचा आणि त्याच्या बुडावर पितळी तांब्या ठेवायचा. जमीन हलली की तांब्या खणकन पडतो. आवाज झाला की हातातलं टाकून अंगणात पळायचं. पुढं लोकांनी ते सोडून दिलं. दादानं लातूरला बांधलेल्या सिमेंटच्या घरातही सोडलं नाही. मांजरानं तांब्या पाडला तरी पळायचं. "काय झालं?" विचारत जो थांबेल त्याच्या मुस्काटात बसायची.

गणिताचे क्लास त्यानं पत्र्याच्या शेडात सुरू केले आणि बघता बघता शेडाचा मजला झाला. चाकूरहून, उदगीरहून पोरं घेऊन बाप यायचे आणि हात जोडून म्हणायचे, "सर, हाडं आमची, कातडं तुमचं." दादा ते अगदी खरं धरायचा. त्याच्याकडं एक रबरी नळी होती. मी भांडायचे, "दादा, एक दिवस कुणाचा तरी बाप तुलाच झोडपंल." तो हसायचा. "झोडपत न्हाई कुणी. पोरगं इंजिनियरिंगला लागलं की तोच बाप पेढे घिऊन येतोय." आणि यायचेही, मेले!

निखिल त्याचा एकुलता एक. सुट्टीत माझ्याकडं नांदेडला यायचा आणि किनवटच्या गाडीत बसव म्हणून माझा जीव खायचा. खिडकीला नाक लावून सिग्नल बघायचा. बारावीत असताना पुठ्ठ्याची आगगाडी आणि टेपरेकॉर्डरची मोटर जोडून त्यानं पलंगाखाली रूळ टाकले. चाचणी बुडवून गाडी खेळताना दादानं पकडलं, तसा दादा स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आला. पोरानं इंजिनावर हात ठेवला. वरवंटा थांबला नाही. हाड मोडल्याचा आवाज खाली ऐकू आला, असं वहिनी सांगायच्या. फडक्यात हात गुंडाळून निखिल एस्टीनं माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं आणि भरल्या क्लाससमोर दादाला म्हटलं, "तू मास्तर नाहीस, खाटीक आहेस." तो खडू धरून तसाच फळ्याकडं तोंड करून उभा राहिला. निखिल माझ्याकडं राहून डिप्लोमा शिकला आणि रेल्वेत सिग्नलच्या कामाला लागला. त्याचं बोट वाकडंच राहिलं. बापाशी तो पुन्हा बोलला नाही.

हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी दादाचे क्लास बंद केले. मग एके दिवशी त्याचा फोन आला. "शोभे, इकडं ये. क्लासातला जुना कंप्युटर हाय, त्याच्यावर ती फुकटची लिनक्स सिस्टीम टाकून रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर बसवून दे." मला वाटलं, भूल अजून उतरलेली दिसत नाही. जाऊन बघते तर वरच्या खोलीत लाकडी फळ्यांवर नांदेड ते किनवट अख्खी लाईन! एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून खेळण्यातलं इंजिन आणि रुळांत वीज सोडायचा कंट्रोल बॉक्स पाठवला होता. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "निखिलच्या हातानं एकदा चालली पाहिजे. एकदाच. मग मी मोकळा." माफी हा शब्द त्याच्या तोंडात कधी बसलाच नाही. त्याच्याऐवजी त्यानं हे मांडलं होतं.

लिनक्स बसलं, सॉफ्टवेअरही बसलं. कंट्रोल बॉक्सची वायर कंप्युटरला जोडली तर पडद्यावर आलं, परवानगी नाही. दादा भडकला. "मला? माझ्याच घरात? परवानगी न्हाई?" आणि कीबोर्डवर असा पंजा हाणला की एक बटण उडून थेट मुदखेड स्टेशनात पडलं. मी म्हटलं, "दादा, कंप्युटर मार खाऊन शिकत नसतो. ती वायर कुणी वापरायची त्या गटात तुझं नाव घालावं लागतं. मग एकदा खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यायचं." "मग आधी सांगायला काय झालतं?" बाहेर पडून आत आलो आणि इंजिन हललं.

पण भूकंप त्याच्या डोक्यातून जातोय थोडाच! तांब्याखाली त्यानं दोन उघड्या तारा लावल्या. तांब्या जागेवर असेपर्यंत तारा जोडलेल्या. पडला की सॉफ्टवेअरनं सगळ्या रुळांची वीज तोडायची, असं माझ्याकडून करून घेतलं. आणि हा शहाणा, तांब्या ठेवला तो गाडीच्याच फळीवर! गाडी रुळांच्या सांध्यावरून गेली, फळी थरथरली, तांब्या खणकन खाली. आम्ही दोघं जिन्यावरून, वहिनी पिठाच्या हातानं, सगळे अंगणात. परत चालवली, परत अंगणात. "अरे बाबा, तुझी गाडीच भूकंप करून राहिली!" मी म्हटलं, तसा तो टाके धरून हसला. आई गेल्यापासून त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मग तांब्या भिंतीतल्या कोनाड्यात गेला. कंप्युटरवर निखिलच्या नावाचं खातं उघडून घेतलं, वायरच्या गटात त्याचंही नाव घालायला लावलं, आणि खात्याला पासवर्ड ठेवू दिला नाही. "त्याला कशाची आडकाठी नको."

फोन मात्र स्वतः करेना. मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, बोट सरळ करून देतो का विचार." मी काय विचारणार, कप्पाळ! दादा वाट बघत बघत गेला.

निखिलनं अग्नी दिला, कोरड्या डोळ्यांनी. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "एकदा वर जा रे बाबा." मी गाडी सुरू करून दिली. तो बघत राहिला... मुदखेड, भोकर, हिमायतनगर, प्रत्येक सिग्नल जिथल्या तिथं. अचानक तो खाली गेला आणि वरवंटा घेऊन वर आला. "मरायला टेकल्यावर सुचलं व्हय ह्याला? आत्या, हात काढ!" माझा हात कधी इंजिनावर गेला मलाच कळलं नाही. त्यानं वरवंटा उगारला. माझ्या हाताकडं बघितलं. आणि गर्रकन वळून भिंतीवर फेकून मारला.

तांब्या खणकन पडला. माझ्या हाताखाली धडपडणारी गाडी जागच्या जागी थांबली. आणि त्याच क्षणी निखिलनं माझं मनगट धरलं आणि मला ओढलं. जिन्यावरून खाली, ओसरीतून बाहेर, खांद्यातून कळ निघाली तरी सोडलं नाही. अंगणात वहिनी आमच्याआधीच येऊन उभ्या. जमीन हललीच नव्हती. आम्ही तिघं धापा टाकत एकमेकांकडं बघत राहिलो.

"दुखला का गं हात?"

"दुखला. तुझ्या बापानं असाच ओढला होता."

तो मटकन खाली बसला आणि गळा काढून रडला. मीही रडले. रागानं रडले, प्रेमानं रडले, आता कशाला वेगळं करत बसू!

मग तो उठून वर गेला. पेला पालथा घातला, त्यावर तांब्या ठेवला, तारा नीट दाबून बघितल्या. बापाच्या खात्यातून बाहेर पडला, तशी पडद्यावर दोन नावं आली, माधव आणि निखिल. त्यानं स्वतःच्या नावावर टिचकी मारली आणि वाकड्या बोटानं गाडी सोडली. गाडी किनवटच्या दिशेनं निघाली, सांध्यावर फळी थरथरली, आम्ही तिघंही कोनाड्याकडं बघत होतो. तांब्या पडला नाही.