पालथा पेला

कोरियातल्या चॉन्जू शहरातल्या हॉस्पिटलात सगळे डॉक्टर मा हेरानशी एकदम गोड बोलायला लागले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

बायकांच्या विभागात सहा वर्षं घासल्यावर आता कुठे गर्भपिशवीचं मोठं ऑपरेशन तिच्या हातात येणार होतं. येत्या गुरुवारी, पहिल्यांदाच. आणि सोमवारी सकाळी विभागप्रमुख प्यो सर सगळ्यांसमोर म्हणाले की ते ऑपरेशन बोंगग्यू करेल, हेरान ओपीडी बघेल, जरा बसून काम करेल. बसून? ज्या माणसाने तिला कधी धड जेवायलाही बसू दिलं नाही, त्याला एकाएकी तिच्या पायांची काळजी? नर्सने खिशातून संत्रं काढून दिलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. हिला घाम फुटला. आपल्याला हाकलतायत की काय?

पहिला संशय बोंगग्यूवर. तिच्याहून दोन वर्षं मागचा डॉक्टर पोरगा. कॅन्टीनमध्ये तिने त्याला गाठला.

"काय रे, सरांना कसलं लोणी लावलंस?"

"मी कशाला लावू ताई? ओपीडीत बायका मला बघून उठून जातात, लेडी डॉक्टर नाही का विचारतात. ऑपरेशन थिएटरात बरं, तिथे पेशंट झोपलेली असते."

सरांचं म्हणणं होतं म्हणे, की आपल्या विभागात पुरुष टिकत नाहीत, तेव्हा आहे त्याला जपायला हवं. आणि मला कोण जपणार, हेरानला वाटलं. त्यात तो मोड आलेल्या सोयाबीनच्या सुपातून मान वर काढेना. ह्याला काहीतरी माहितीय, नक्की.

दुपारी सलाइनचं खोकं घेऊन निघाली, तर ओकरानताईंनी ते हिसकावूनच घेतलं. ओकरानताई विभागातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर, हेरानला पहिला टाका त्यांनीच शिकवलेला.

"जड उचलू नकोस गं. कितवा लागला?"

हेरानला गेल्या आठवड्यातली विभागाची पार्टी आठवली. सोजूची बाटली आली तेव्हा तिने पेला पालथा घातला होता, आणि शेगडीवरच्या डुकराच्या मांसालाही हात लावला नव्हता.

"ताई, खांदा दुखतो म्हणून आईने काढा पाठवलाय. त्यावर दारू आणि डुक्कर चालत नाही, एवढंच. दिवसभर बायका तपासतो आपण, चाचणीशिवाय कुणाला अभिनंदन म्हणत नाही. आणि मला पेल्यावरून दिवस गेले?"

ताईंचा चेहरा पडला. सरांच्या कानावर त्यांनीच घातलं होतं. त्या स्वतः सातव्या महिन्यापर्यंत ऑपरेशनच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या होत्या, कुणी बस म्हटलं नाही, आणि त्यांचं पोर वेळेआधी आलं, काचेच्या पेटीत वाढलं. तुझं तसं होऊ नये म्हणून गं, म्हणाल्या. जा, सरांना सांग तसलं काही नाही, गुरुवार परत मिळेल.

ती तरातरा निघाली, पण सरांच्या दाराशी पाय अडखळले. आज नाही म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी खरंच असलं तर? तेव्हा गपचूप खुर्चीत बसायचं?

सरांनी आग्रहाने कॉफी मागवली. त्यांची नजर तिच्या तोंडावर नव्हती, कपावर होती. दिवस गेलेली बाई कॉफी टाळते, म्हणून पिते का, हे बघत होते. तिने कप तसाच ठेवला.

"सर, गुरुवार माझा होता."

"म्हणजे ते... खरं नाही ना?"

"ते माझं मी बघेन. ऑपरेशन हाताने करतात सर, पोटाने नाही. आणि हे हात तुम्हीच घडवलेत."

सरांनी कप उचलून बाजूला ठेवला. कॉफीवर साय धरली होती.

"बोंगग्यू मदतीला राहील," शेवटी म्हणाले.

गुरुवारी हात धुऊन ती टेबलाच्या मुख्य बाजूला आली, तर तिथे एक स्टूल मांडलेलं. तिने एकेकाकडे पाहिलं. सर, बोंगग्यू, नर्स. मास्कच्या वर सगळ्यांचे नुसते डोळे, आणि कुणाचेच तिला भिडेनात.

तिने पायाने स्टूल मागे सारलं आणि सुरीसाठी हात पुढे केला.