झोंदींचं मिटलेलं तोंड

एलियास झोंदी एरवी डर्बनच्या गोदीत साखरेची पोती उचलायचे आणि रविवारी उमलाझीच्या चर्चच्या सभागृहातल्या नाटकात राजे नाहीतर प्रेषित व्हायचे. ते बोलू लागले की मागच्या बाकावरची तान्ही पोरंही गप्प बसत. वस्तीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. कुळाच्या मानाच्या नावानं, नोंदाबा म्हणत.

सिनेमात पहिलं काम मिळालं ते म्हाताऱ्या नोकराचं. त्यात म्हणायचं एक वाक्य ऐकलं आणि दुपारचं फुटू, मक्याची कोरडी उकड, त्यांनी तशीच बाजूला सारली. 'आम्ही काळे म्हणजे माकडं, मालकाच्या काठीशिवाय सरळ चालत नाही.' पुढे हा सिनेमा त्याच सभागृहात, त्यांच्याच नातवंडांपुढे लावणार होते.

त्यांनी दिग्दर्शक लाटेगनना सांगितलं, हे मी म्हणणार नाही. आता हाकलतील, असं त्यांना वाटलं होतं.

"नको तर नको, म्हातारबा," लाटेगन म्हणाले. "तुझ्या भाषेत काहीही बोल. गाईंची नावं घे. तोंड हललं म्हणजे झालं."

इतक्या सहज? गोऱ्या साहेबानं वाद न घालता ऐकलेलं झोंदींनी आजवर पाहिलं नव्हतं. ते प्रत्येकाकडे संशयानं पाहत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं, आवाज टिपायच्या यंत्रावरचं फडकं सकाळपासून कुणी काढलंच नव्हतं.

याच सिनेमात काम करणारा फिनेआस मुरलेला नट, त्यांच्याच वस्तीतला. त्यांनी त्याला आडोशाला गाठलं.

"आवाज नंतर भरतात, नोंदाबा. शहरात, खोलीत बसून."

"माझ्या तोंडात कुणाचा भरणार?"

फिनेआसनं लाटेगन कुठे आहेत ते आधी पाहिलं. "माझा. मला पोरं आहेत, नोंदाबा."

कॅमेरा सुरू झाला. झोंदी त्याच्यासमोर ताठ उभे राहिले, ओठ घट्ट मिटून. लाटेगननी पुन्हा घ्यायला लावलं, मग ओठ दिसू नयेत म्हणून पाठमोरं उभं केलं. झोंदी वळून परत सामोरे झाले, तोंड मिटलेलंच.

मग नोकराचा कोट त्यांच्या अंगातून काढून फिनेआसला दिला. तो त्याला दंडात घट्ट होत होता. झोंदींनी मागून ओढून नीट बसवला.

"आता तुझ्या तोंडात कुणाचा आवाज भरतील रे?"

"माझाच," फिनेआस म्हणाला, आणि बटणं लावत राहिला.