गवताच्या भाऱ्याला सलाम

लार्कबेंड गावच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं. माणूस ओळखीचा असो की परका. हात हलवायचा नाही, हसायचं नाही, बोट तेवढं वर. जो उचलत नाही तो एक तर शहरातला, नाही तर रागावलेला.

व्हर्ना सोल्बर्ग दोन्हींत बसत नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षं तिने याच गवताळ माळावर काढली होती. नवरा गेल्यावर तिने शेत विकलं, पण नांगर कधीच न लागलेला एक तुकडा ठेवला. तिथे पूर्वी इथल्या आदिवासींनी आपल्या तंबूंभोवती मांडलेल्या दगडांची वर्तुळं होती, आणि रानगव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अंग घासून गुळगुळीत केलेला पुरुषभर उंचीचा धोंडा. अठरा उन्हाळे दर शनिवारी ती जुन्या स्टेशनातल्या संग्रहालयापासून पाहुण्यांना आपल्या व्हॅनमधून तिथे नेत होती. बाकीचे सहा दिवस ती शनिवारसाठीच जगायची म्हणा ना.

या वसंतात तिच्या नजरेच्या मधोमध एक डाग बसला. कडेचं दिसे, समोरचं विरघळून जाई. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. तिने मान डोलावली आणि स्वतःच गाडी चालवत घरी आली. रस्ता पाठच होता: खडीचा आवाज, गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीची खडखड, मग डावीकडे.

जूनमध्ये शेजारचा शेतकरी ड्वेन पेट्रिशिन कॅफेत तिच्यासमोर येऊन बसला.

"व्हर्ना, माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाक. तीनदा बोट उचललं मी. तू अशी गेलीस, जसा काही मी खांब!"

खरं सांगण्यापेक्षा राग सोपा होता.

"गेल्या गावजेवणाला माझ्या रुबार्बच्या देठांच्या मुरंब्याला आंबट म्हणालास."

"आंबटच होता की!"

"मग भोग आता."

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात साखरेची पाच किलोची पिशवी होती. तिला हसू आलं, मागोमाग लाजही वाटली. तेव्हापासून समोर काहीही काळसर हललं, न हललं, की ती बोट उचलू लागली.

"काल रस्त्याकडेच्या माझ्या गवताच्या भाऱ्याला सलाम ठोकलास," महिन्याभराने ड्वेन कॅफेत सगळ्यांदेखत म्हणाला. "भारा खूश आहे. आमची किंमत तेवढी उतरली."

सगळे हसले. ड्वेनही हसला, पण हसता हसता तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

त्या शनिवारी पुढच्या लांब सीटवर एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी बसली होती. समोर काहीतरी तपकिरी आलं. व्हर्नाने बोट उचललं आणि वेग तसाच ठेवला.

"आजी, ती गाय आहे!"

ब्रेक लागला. खडी उडाली. गाय सावकाश बाजूला झाली आणि चरायला लागली.

आईने हात मुलीच्या छातीवर आडवा धरला होता आणि गाडी थांबल्यावरही तो खाली घेत नव्हती. व्हर्नाला गाय दिसली नव्हती. कडेचा तो हात मात्र स्वच्छ दिसला.

तिने फोन लावला. "ड्वेन, माझा राग गेला. व्हॅन चालवायला ये."

"कुठे आहेस?"

"जाळीच्या अलीकडे."

तो आला, तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली, आणि ती पाहुण्यांबरोबर मागे बसली.

धोंड्याशी पोचल्यावर तिने मुलीचा पंजा दगडावर टेकवला. "इथे मोठे गवे खांदा घासायचे." मग तोच हात हळूहळू खाली नेला, गुडघ्याच्या थोडा वर, जिथे दगड काचेसारखा गार होता. "आणि हे वासरांचं."

इतक्या वर्षांत पाहुण्यांना तिने ते कधी दाखवलं नव्हतं. लांबून बोट करून दाखवण्यासारखं ते नव्हतंच.

परतताना ती ड्वेनच्या शेजारी बसली. त्याचं बोट वर गेलेलं तिला कडेने दिसलं.

"कोण होतं?"

"गवताचा भारा."

व्हर्नाने मांडीवरचं एक बोट उचललं.