सात घरांची घोंगडी

निजामाच्या अमलातलं एक कोरडं साल. लिंबागणेश गावची मेंढरं चाऱ्यासाठी गोदाकाठी गेली आणि साखराबाई धनगरणीचा माग लोकरीवाचून थांबला. तिने घरोघर सांगितलं, "फाटकी घोंगडी फेकू नका, मला द्या."

लोक हसले, पण चिंध्या आणून टाकल्या. साखराबाईने त्या उसवल्या, धुतल्या, पिंजल्या आणि मूठभर नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढून एक घोंगडी विणली. सुताला ताठ करणाऱ्या खळीसाठी उकिरड्यावरचे चिंचोके वेचले. लोकरीचा उरलेला भुगाही शेतात खत म्हणून टाकला.

जमीनमहसूल तपासायला दौऱ्यावर आलेल्या गिरदावरांना ते खरं वाटेना. "चिंध्यांची घोंगडी? नामुमकिन!"

तिने चौघांना घोंगडीची टोकं धरायला लावली आणि मधल्या खोलगटात तांब्याभर पाणी ओतलं. "आता खालून बघा, साहेब."

ते गुडघ्यांवर बसले, खालून हात फिरवला. तळहात कोरडाच होता.

"या अल्ला! किती घोंगड्या हैत यात?"

"सात घरच्या. एक माज्या आजेसासऱ्याची हाय."

कुणी हसलं नाही. चिंध्या देणाऱ्यांतला म्हातारा गहिनीनाथ पुढे आला, आपल्या बापाच्या घोंगडीची लोकर कुठे असेल ते बोटांनी चाचपत राहिला. मग त्याने साखराबाईपुढे हात जोडले.

पुढे मेंढरं परतली, तरी गावात कुणी घोंगडी फेकली नाही.