पप्पांनी दिलेली साक्ष

माझे पप्पा बरे झाले नव्हते.

कालपासून प्रार्थनेच्या ग्रुपवर जो तो लिहितोय, 'प्रभूने ज्यांना संपूर्ण आरोग्य दिलं ते आपले फौजीकाका प्रभूजवळ गेले.' गेले हे खरं. आरोग्याचं खोटं. म्हणून आज पप्पांना माती देऊन आल्या आल्या लिहायला बसलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कासूकडचे. भात आणि भातानंतर वाल, एवढीच शेती. पप्पा फौजेत गाडी चालवायचे. वर सीमेकडे त्यांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली. मागची गाडी पप्पांची होती.

त्यांना साधं खरचटलंही नाही.

पेन्शनीत घरी आले तेव्हा मी शाळेत होते. आणि नेमका आमच्याकडे हायवेसाठी डोंगर फोडत होते. दुपारी सुरुंग लागायचा. आवाज झाला की पप्पा असतील तिथे पालथे पडायचे, दोन्ही हात डोक्यावर. शेतात, अंगणात, एकदा तर वडखळ नाक्यावर भर गर्दीत. लोक हसायचे. 'फौजी पडला' म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, भगत झाला, कोंबडं झालं.

मग मम्मीच्या मैत्रिणीने तिला वरसे गावातल्या प्रार्थनेला नेलं. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, खाली चटया, एक ढोलकी. भावकीने बोलणं टाकलं. मम्मी म्हणाली, टाकू दे.

मम्मी एखादी गोष्ट धरते ना, ती सोडत नाही. पप्पा बरे होईपर्यंत तिने उपास-प्रार्थना धरली. दिवसभर शेतात राबायची, पाण्यावर राहायची, संध्याकाळी काय ते दोन घास. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले.

पप्पांना ते बघवेना.

एका रविवारी पास्टरांनी पप्पांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. त्या दिवसापासून पप्पा पडेनासे झाले.

आमच्यात पद्धत आहे, देवाने काही केलं की मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची. दिलेली साक्ष कोणी मागे घेत नाही. घेतली तर विश्वास कमी पडला म्हणतात. मम्मीने पुढच्या रविवारी साक्ष दिली, 'माझ्या नवऱ्याला प्रभूने बरं केलं.' टाळ्या, हालेलुया. त्या दुपारी ती पोटभर जेवली. पप्पा आपलं जेवण सोडून तिच्या ताटाकडे बघत होते.

खरं काय ते मला शेतावर दिसलं. सुरुंग लागला की पप्पा खाली बसायचे आणि पायातला काटा काढायला लागायचे. काटा नसायचाच. आवाज विरेपर्यंत मान वर करायचे नाहीत. मी बघतेय हे कळल्यावर एवढंच म्हणाले, "मम्मीला बोलू नको गो बाय. जेवतेय ती."

काही वर्षं अशीच गेली.

मग एक बाई आपल्या नवऱ्याला प्रार्थनेला घेऊन आली. तोही फौजेतून आलेला, पप्पांपेक्षा बराच तरुण. दाराकडे तोंड करून बसायचा, कोणाशी बोलायचा नाही. त्या बाईनेही जेवण सोडलं होतं. पास्टर म्हणाले, फौजीकाका, उठा, आज तुम्ही साक्ष द्या, त्याला धीर येईल.

पप्पा खोटं बोलले तर तो बिचारा बरा झाला नाही की स्वतःलाच दोष देत बसणार. खरं बोलले तर मम्मी सगळ्यांसमोर खोटी पडणार.

पप्पा उठले. त्या माणसाकडे बघूनच बोलले.

"मी बरा नाय झालोय. आजपण आवाज झाला का माझ्या पायातला जीव जातो. बायको खोटं नाय बोलली. मीच तिला फसवली, ती जेवत नव्हती म्हणून. पण मी दर रविवारी येतो. तू पण ये. नाय बरा झालास तरी ये."

कोणी आमेन म्हटलं नाही. पास्टरांनी घाईघाईने गाणं घ्यायला सांगितलं. बाहेर चपला घालताना बायका कुजबुजत होत्या, मम्मीला ऐकू जाईल अशा.

घरी आल्यावर मम्मी चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. उपास वाया गेले म्हणून नाही, असं नंतर मला म्हणाली. माणूस बाजूला घाबरून बसत होता आणि आपण टाळ्या घेतल्या, याचं तिला रडू आलं.

मला वाटलं आता ही पुन्हा जेवण सोडणार. तिने दोघांची ताटं वाढली आणि पप्पांसमोर बसून जेवली.

दुसऱ्या दिवशी सुरुंग लागला. पप्पांनी काट्याचं नाटक केलं नाही, सरळ पालथे पडले. मम्मीने हातातली रोपं टाकली, पदर खोचला आणि त्यांच्या बाजूला चिखलात आडवी झाली. हात त्यांच्या पाठीवर ठेवला. बांधावरून लोक हसले. ती उठली नाही.

त्यानंतर दर वेळी ती तेच करायची. आणि आपला हायवे किती वर्षं चाललाय ते तुम्हाला मी सांगायला नको.

काल दुपारी पप्पा रोह्याच्या हॉस्पिटलमध्ये वारले. हार्ट. आज तो दुसरा फौजी खांदा द्यायला होता. तोही अजून बरा झालेला नाही. येतो मात्र दर रविवारी, बायकोला घेऊन.

मातीच्या वेळी पास्टरांनी मम्मीला दोन शब्द बोलायला सांगितलं. काका आता पूर्ण शांततेत आहेत, असं ते स्वतः नुकतंच बोलले होते. मम्मी खड्ड्याकडे बघत उभी होती.

"शेवटपर्यंत घाबरत व्हते," ती म्हणाली. "पास्टर म्हणतात तिथं आवाज नाय. नसू दे. पण झालाच, तर मी बाजूला नाय."

एवढंच बोलली आणि तिने मूठभर माती टाकली.

पप्पा, जड मनाने निरोप देतेय.