मिठाची टेकडी

"ही म्हणणार गाऱ्हाणं? हिला गावची वेस तरी ठाऊक हाय काय?"

मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली. आवाज दबका, पण माझ्या कानावर पडेल असा. "इंग्लिश शाळेची पोर की गं ती. थँक्यू देवा म्हणेल आणि बसेल."

दोघी हसल्या. मी हातातला नारळ घट्ट धरला आणि मान वर केली नाही.

इथे कन्नड मुलखातल्या शहरात, बसवनगुडीतल्या त्या हॉलमध्ये वर्षातून एकदा आमच्या गावची माणसं जमतात. गाव घाटमाथ्यावरचं, लहानसं. एक पेठ, एक तळं, आणि पावसाळ्याचे चार महिने समोरचं घर दिसू न देणारं धुकं. पूर्वी कोकणातून बैलांवर मिठाच्या गोणी चढत. माणसं ज्या टेकडीवर पहिल्यांदा दम घेत, तिथल्या दगडावर ती चिमूटभर मीठ ठेवत. बैल गेले, डांबरी रस्ता आला, तरी मीठ ठेवणं चालूच राहिलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मीही ठेवलंय, दुकानातल्या पुडीतलं.

देवासमोरच्या गाऱ्हाण्यात गावाच्या चारी बाजूंची ठिकाणं क्रमाने म्हणायची असतात, कागद न बघता. प्रत्येक नावाला सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. ज्याचं नाव घेतलं, ते गावाने राखायचं. ज्याचं घेतलं नाही, ते सुटलं. म्हणण्याचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर बाबा म्हणत. या हिवाळ्यात बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मशीनच्या खडखडाटावरून हाक पोचवणारा माणूस आता पाटीवर लिहितो. "घरात तूच आहेस," एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

त्यांनी मला गाव शिकवलं ते जेवणाच्या टेबलावर. आमटीची वाटी म्हणजे तळं, उलथनं म्हणजे घाटरस्ता, लिंबू म्हणजे देवीचं देऊळ. टेबलाच्या पश्चिमेच्या टोकाला ते चिमटीतून मीठ सोडत. दर रविवारी मी त्या भांड्यांभोवती बोट फिरवत नावं म्हणायचे. चुकले की ते टेबलावर टिचकी मारत.

सगळं पाठ झालं होतं. पण त्या सकाळी कॉफीच्या टेबलापाशी समितीच्या अध्यक्षांनी मला गाठलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"बाळ, पश्चिमेला मिठाची टेकडी गाळायची. तळं झालं की सरळ घाटाचं तोंड."

"का?"

"टेकडी ऱ्हायलीय कुठं आता? अर्धी फोडली. रिसॉर्ट येतंय. माझीच जमीन होती की ती, मीच दिली. आता देवासमोर नाव घेतलं की लोक मला विचारणार. सणाच्या दिवशी कशाला?" त्यांनी माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. "बाबांना काय सांगू नको. त्यांना ताण सोसायचा नाही. सरी? कळलं ना?"

मी होकारार्थी मान हलवली. आधी शाळेत, आता ऑफिसात, सगळीकडे मी हेच करत आलेय. मान हलवली की माणसं निघून जातात.

आता अण्णा माझ्या समोरच हात जोडून उभे होते. बाबा पहिल्या खुर्चीत, मांडीवर पाटी घेऊन. मी सुरू केलं. पहिली दोन नावं मलाच ऐकू आली नाहीत. मग पूर्वेची विहीर, वडाचा पार, देवीचं देऊळ. प्रत्येक नावाला हॉल घुमत होता आणि माझा आवाज हळूहळू मोठा होत होता. बाबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दक्षिण संपली. पश्चिमेचं तळं आलं.

"व्हय महाराजा!"

मी थांबले.

अण्णांनी हसून किंचित मान डोलावली. पुढे चल, अशी. बाबांचे ओठ मात्र पुढचं नाव घेऊन थांबले होते. त्यांना वाटलं, मी विसरले. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. त्यांनी पाटी उचलली नाही. लिहून सांगणं म्हणजे कागद बघण्यासारखंच. त्यांनी फक्त अंगठा आणि बोट जुळवलं आणि गुडघ्यावर नसलेल्या मिठाची चिमूट सोडली.

"बघ, विसरली," मागून आवाज आला.

मी विसरले नव्हते. हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि अण्णांना. नारळाची शेंडी माझ्या मुठीत ओली झाली होती. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचं हसू तसंच होतं, पण जोडलेले हात खाली आले होते.

"पश्चिमेला, तळ्याच्या वर," मी म्हणाले, "मिठाची टेकडी, महाराजा. जेवढी उरलीय तेवढी."